पाय पुढं करू नये

निवड-चाचणीच्या आदल्या दुपारी मी माझ्या नातीच्या बर्फावरच्या बुटांना धार लावली. रापीला लावते तशी. कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलं नव्हतं. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

रापी म्हणजे आमचं कातडं कापायचं हत्यार. आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले, चपला करणारे. कागदावर चर्मकार, लोकांच्या तोंडात चांभार.

पूनम, माझी नात, सोळाची होती. बर्फावरची हॉकी खेळायची. कोल्हापुरात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात, नाहीतर मासळीच्या खोक्यात. पोरगी शिकली चाकाच्या बुटांवर, कळंब्याच्या तळ्याकडच्या डांबरी रस्त्यावर, सकाळी म्हशी चरायला निघायच्या आत. तिच्या सरांनी दोन हिवाळे लडाखला नेऊन तिला खऱ्या बर्फावर उभं केलं. आता राज्याचा संघ निवडायचा होता. दिल्लीच्या बाजूला एका मॉलात बर्फाची रिंक होती, तिथं दोन दिवस चाचणी. तिची आई डेअरीत पाळीवर. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, चपलांची ऑर्डर सोडून हलेना. म्हणून सोबतीला मी. पिशवीत भाकरी, चटणी, आरी, दोरा, मेण आणि धार लावायचा कुरुंदाचा दगड. आमच्यात माणूस परगावी निघाला तरी हत्यार घरी ठेवत नाही.

पूनम सरांच्या मीटिंगला गेली. मी लॉजवर एकटी. बूट बाहेर काढले. तळाच्या पोलादी पात्याच्या मधोमध लांबच लांब पन्हळ. बोटानं चाचपली. म्हटलं, बघा, वापरून वापरून मधे खड्डा पडला, कुणाचं लक्ष नाही! बसले मांडी घालून. दोन तास घासलं. पन्हळ गेली. मग एका बाजूनं उतार देऊन अशी धार काढली की नखावर टेकवली तर नख सोलून निघावं. पदरानं पुसून बूट पोरीच्या उशाशी ठेवले. स्वतःवर इतकी खूश झाले की चहा दोनदा मागवला.

त्या पन्हळीमुळंच पात्याला दोन कडा असतात. एक आतली, एक बाहेरची. त्या दोन कडांवर पोरगी वळते, थांबते, सुटते. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पन्नास वर्षं पायताणं करणाऱ्या बाईनं पोरीच्या पायातलं पायताण मारलं होतं.

सकाळी पूनम बर्फावर उतरली. ती मैदानाच्या डाव्या कडेची खेळाडू. विंगर म्हणतात. कडेच्या फळीला घासत पळायचं, रबराची चकती तिथनं काढायची आणि कुणी अंगावर यायच्या आत वळायचं. सगळा खेळ वळण्यात. ती वळली आणि पडली. उठली, वळली, पडली. तिसऱ्यांदा खांद्यानं फळीवर आपटली, तसं सरांनी तिला बाहेर घेतलं. बूट उलटा करून बघितला.

“कुणी केलं हे?”

मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता, तिथं केला.

हसू फुटलं. पोरींचे आईबाप, पोरी, कॉफी देणारासुद्धा हसला. त्यांचं मला काही वाटलं नाही. चूक माझी होती, हसण्यासारखी होती. पण तिथं मॅडम होत्या. संघटनेच्या साहेबांची बायको. निवड साहेबांच्या हातात. मूळच्या आमच्या कोल्हापूरच्याच, मोठ्या बंगल्यातल्या. त्या पुढं आल्या.

“मावशी, हे बर्फावरचे बूट आहेत हो. चप्पल नाही.” आणि बाकीच्यांकडं वळून, “आमच्या सासूबाईंच्या चपला यांच्याकडूनच यायच्या. मागच्या दाराला.”

मागच्या दाराला. बाईंनी ते मुद्दाम घातलं नव्हतं. सहज आलं. श्वास येतो तसं.

मग त्यांची मुलगी आली. पूनमच्याच वयाची, पूनमच्याच जागेवर खेळणारी. तिच्या बुटाची जीभ शिवणीतून सुटली होती.

“बघा ना मावशी, तुमच्या हातचंच काम आहे. बसा इथंच.”

आणि मी बसले.

रिंकच्या बाहेर रबराची पट्टी होती, ओली. तिच्यावर बसले. मुलगी बाकावर. तिनं बूट काढला नाही. पाय उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. पात्याचा बर्फ वितळून माझ्या लुगड्यावर गळत होता. ती फोनवर कुणाशी तरी हसत होती. मी आरी घातली, दोरा ओढला, मेण लावलं, गाठ मारली. आणि वर काय म्हणाले?

“झालं बघा, ताईसाहेब.”

सोळा वर्षांच्या पोरीला ताईसाहेब. वय सत्तावन्न आणि पाठीचा कणा मेणाचा!

हे मला कुणी तिथं शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांची होते तेव्हा बापाबरोबर त्याच बंगल्याच्या मागच्या दाराला जायची. आतल्या बाई पायरीवरनं कागदावर पाय ठेवायच्या. बाप पायाभोवती पेन्सिल फिरवायचा, बोट लागू द्यायचा नाही. “पाय बघायचा, तोंड बघायचं न्हाय,” असं मला सांगायचा. मी हुशार विद्यार्थिनी. अठ्ठेचाळीस वर्षांत एकदासुद्धा धडा विसरले नाही.

मान वर केली तर पूनम समोर. सरांनी तिला कुणाचे तरी मोठ्या मापाचे बूट दिले होते. ती बर्फाच्या दारात उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. तिनं सगळं बघितलं होतं.

दिवेलागणीला लॉजवर मी तिचा खांदा शेकत होते. म्हटलं, “चुकलो ग बाई. तुझी धार घालवली मी.”

“धार परत आली. सरांनी मशीनवर लावून आणली. उद्या परत खेळवणार हाईत.”

“मग तोंड का पाडलंस?”

“तू तिच्या पायाशी का बसलीस?”

“तुझ्यासाठी. निवड तिच्या बापाच्या हातात हाय.”

पूनमनं शेकायचं फडकं माझ्या हातातनं काढून घेतलं.

“तू तिथं बसून मला संघात घेणार असतील तर मला जायचंच न्हाय. मी पडलो तर बर्फावर पडतो, आजी. तू कोरड्या जमिनीवर पडलीस.”

मला राग आला. काय बोलते ही चिमुरडी! जन्माला आली तेव्हा माझ्या हातावर मावत होती. रात्रभर मनात तिच्याशी भांडले. प्रत्येक वेळी तीच जिंकली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी परत आली. आता दुसरा बूट. तशीच बाकावर बसली, बोट फोनवर, पाय वर. मी उभी होते, तिनं न बघताच पाय पुढं केला, खाली गुडघा असेलच म्हणून. गुडघा नव्हता. पात्यासकट पाय जमिनीवर खाडकन आपटला. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

“बूट काढ,” मी म्हणाले. “हातात घेऊन ये. मी उभी हाय, तू बी उभी ऱ्हा. शिवून देतो की, न्हाय कोण म्हणतंय?”

मॅडम लगबगीनं आल्या. “अहो मावशी, एवढं काय झालं? नातीच्या निवडीचा तरी विचार करायचा.”

गोड आवाज. पण धमकी गोड आवाजात दिली तरी धमकीच. 

“तिचाच करतो म्हणून उभी हाय,” मी म्हणाले.

मुलीनं बूट काढला नाही. तसाच सुटलेला घेऊन खेळली. पूनम त्या दिवशी अशी वळली, अशी वळली, की सर फळीवर हात आपटत होते. दोन गोल तिनं केले, एक करायला दिला. संध्याकाळी यादी लागली. ताईसाहेबांचं नाव होतं. पूनमचं नव्हतं.

घरी आल्यावर लेक माझ्यावर ओरडला. “चार टाके घातली असतीस तर काय झिजली असतीस व्हय? पोरीचं वाटोळं केलंस.”  मनात म्हटलं, हा अगदी काल-परवाच्या माझ्यासारखा बोलतोय.

पूनम मात्र दुसऱ्या दिवशी कळंब्याला गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पुढच्या हिवाळ्यात सरांनी तिला लडाखच्या एका खुल्या स्पर्धेला नेलं. तिथं बघणारी माणसं बाहेरची होती, त्यांना बंगला माहीत नव्हता, मागचं दार माहीत नव्हतं. त्यांनी डाव्या कडेनं येणारी पोरगी बघितली. तिथनं ती देशाच्या संघात गेली. आता परदेशात एका क्लबात पगारावर खेळते, तिसरं वर्ष. पुढचे दोन दात गेलेत, गळ्याजवळचं हाड एकदा मोडलंय. तिथल्या एका खेळाडूनं तिला चिडवलं होतं म्हणे, तुमच्याकडं बर्फ कुठला? तिनं सांगितलं, आमच्याकडं डांबर हाय, ते जास्त लागतं.

मीही एक केलं. दुकानात टेबल आणलं. उंच, कमरेएवढं. उभी राहून काम करते. आता पोरींचे चाकाचे बूट येतात, हॉकीच्या हातमोज्यांचे फाटलेले तळवे कातड्यानं बदलायला येतात. पुण्याहूनसुद्धा. पात्याला मात्र मी हात लावत नाही, एवढी अक्कल आली. टेबलाच्या वर पाटी रंगवून घेतली: पाय पुढं करू नये. पायताण काढून हातात द्यावे.

लेक हसला. “मला खाली बसल्याबिगर हात चालत न्हाय,” म्हणाला. तो त्याच्या जागी, मी माझ्या.

मागच्या आठवड्यात त्या मॅडम आल्या. केस पांढरे झालेत. चपलेचा अंगठा तुटला होता. आल्या आल्या मला ओळखलं नाही. टेबलासमोर आल्या, सवयीनं पाय जरा पुढं आला, मग पाटी वाचली. माझ्याकडं बघितलं. परत पाटी वाचली. आणि वाकून चप्पल काढली, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. एक पाय अनवाणी, फरशीवर, भिंतीला धरून उभ्या. मी सावकाश शिवली. मुद्दाम सावकाश. वाईट खोड आहे, जाणार नाही.

जाताना त्यांनी विचारलं, “तुम्ही पूनमच्या आजी ना?”

“व्हय.”

त्यांनी पैसे टेबलावर ठेवले. मी मोजून घेतले.

त्या वळल्या न वळल्या तोच मी पूनमला व्हिडिओ कॉल लावला. ती सरावाहून आली होती, खांद्यावर बर्फाची पिशवी. मी टेबलाभोवती जवळजवळ नाचत सगळं सांगितलं. वाटलं, पोरगी खूश होईल, म्हणेल आजी जिंकलीस. ती हसली नाही.

“बाबा कुठं हाय?”

“हाय की. गिऱ्हाईक हाय त्याच्याकडं.”

“खाली बसलाय?”

मी मागं वळून बघितलं. माझ्या पाटीपासून चार हातांवर माझा लेक बसकरावर बसला होता, मान खाली. एका बाप्याचा बूट घातलेला पाय त्याच्या मांडीवर. तो बाप्या फोनवर हसत होता.

“व्हय,” मी म्हणाले. “खाली.”

“मग त्या बाईचं कवतिक मला सांगू नकोस. बाबाचं बसकर उचल, आजी. उद्या न्हाय, आज. चिडंल, बोलंल, दोन दिवस जेवायचा न्हाय. उचल.”