झाकलेलं ताट

आमच्या नगरच्या घरी मासा म्हणजे धरणातला. तोही वर्षातून एखाद-दोनदा, आणि रश्शात भाकरी चुरून. त्यामुळे हॉस्टेलमधली मैत्रीण मला सुट्टीत रत्नागिरीला तिच्या घरी नेणार म्हटल्यावर मिरजगावच्या आत्याने फोनवर बजावलं, "काटं लई असत्यात. बोलत बोलत खाऊ नको."

मी तशीही जेवताना बोलत नाही.

मैत्रिणीची अट होती की हॉटेलात जायचं नाही आणि चमचा मागायचा नाही. सकाळी आम्ही तिच्या आईबरोबर मासळीबाजारात गेलो. काकूंनी बांगड्यांचे कल्ले उचलून लाली तपासली आणि विकणारीला म्हणाल्या, "चौघांचे दे गो."

घरात आम्ही तिघीच होतो. पण "माझा दादा बोटीवर असतो," असं मैत्रीण हॉस्टेलमध्ये नेहमी सांगायची. तो आज परतणार असेल, असं मी धरून चालले.

दुपारी स्वयंपाकघरात चार ताटं मांडली गेली. काकूंनी पहिलं वाढलं ते रिकाम्या पाटासमोरच्या ताटात. भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, सगळ्यात मोठा तळलेला बांगडा आणि बाजूला सोलकढीची वाटी. मग आम्हाला.

"भाकरी शोधतेस ना?" मैत्रीण हसली. "आधी भात कालव. मग शेपटीकडून काटा सोडव. असा."

काटा अखंड निघाला तेव्हा काकू म्हणाल्या, "बघ, शिकली पण."

मला फार बरं वाटलं. तरी नजर सारखी त्या चौथ्या ताटाकडे जात होती. भातावरची वाफ हळूहळू थांबली. दारातलं मांजर आमच्या तिघींकडे बघून ओरडत होतं. ते ताट त्याच्या सगळ्यात जवळ होतं, पण तिकडे ते बघतही नव्हतं. काकू मात्र मधूनच त्या पाटाच्या थोडं वर, माणसाचा चेहरा असेल तिथे बघायच्या.

आमच्याकडे बाबा दुसऱ्या पाळीला गेले की आई त्यांचं ताट वाढून त्यावर दुसरं ताट उपडं घालते. उशिरा येणाऱ्याचं अन्न उघडं ठेवायचं नाही, एवढंच मला माहीत होतं. ओट्यावर परात होती. पाहुणी म्हणून नुसतं बसून राहू नये, म्हणून मी डाव्या हाताने ती घेतली आणि ते ताट झाकलं.

मैत्रिणीचा घास हातातच राहिला.

"काढ ते," ती म्हणाली. "आधी काढ."

"मांजर तोंड घालेल म्हणून..."

"चार वर्षं झाली. बोट मिळाली, दादा मिळाला नाही. आई ते ताट झाकत नाही. झाकलं की संपलं."

मी परातीकडे हात नेला. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता.

"तुला हिने सांगितलं होतं काय?"

"नाही काकू."

"मग तुझ्याकडून कोणी करवलं?"

काकूंनी माझं मनगट सोडलं आणि परातीला कान लावावा तशा त्या वाकल्या. मग त्यांनी स्वतःच परात उचलली, ते ताट पुढ्यात ओढलं आणि गार भात कालवायला घेतला.

"आई, नको," मैत्रीण म्हणाली. "तो त्याचा आहे."

काकूंनी पहिला घास घेतला. मग दुसरा. बांगडा त्यांनी सावकाश, एकही काटा न मोडता संपवला. मैत्रीण उठून मागच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला घावणे होते. काकूंनी तीन बशा काढल्या. मैत्रिणीने चौथी आणून पाटासमोर ठेवली. काकूंनी ती उचलून पुन्हा मांडणीवर ठेवली.

स्टँडवर मैत्रीण माझी बॅग आत देताना म्हणाली, "तुझी चूक नाही, कळतं मला. पण आमच्याकडे येऊ नकोस आता."

हॉस्टेलमध्ये कोणी विचारलं की ती अजूनही सांगते, दादा बोटीवर असतो. तेव्हा ती माझ्याकडे बघते, आणि मी हो म्हणून मान हलवते.