बाइंडरभाऊंच्या कानातले खडक

आमच्या शेजारचे बाइंडरभाऊ ठार बहिरे झाले, अशी बातमी इमारतीत पसरली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. शपथेवर सांगते, ती मी उठवली नव्हती. जिन्यात माझी आणि तिची गाठ पडली आणि मी तिला वरच्या मजल्यापर्यंत सोबत केली, एवढंच.

बातमीत दमही होता. तळमजल्यावरच्या पार्लरवालीने अंगणातून भाऊंना हाका मारमारून घसा बसवून घेतला. भाऊंनी खिडकीतून मान म्हणून वर केली नाही. कुरिअरवाला त्यांच्या दारात उभा राहून कंटाळला आणि त्यांचं पार्सल माझ्या गळ्यात मारून गेला. शेवटी खात्री करून घ्यायला मीच गेले. त्यांचं दार आणि माझं दार एकाच गॅलरीत, मध्ये फक्त माझी कपड्यांची दोरी. दारातूनच म्हटलं, "भाऊ, तुमच्या पुठ्ठ्यांना आग लागलीये." भाऊ एका जाड पुस्तकाच्या पाठीवर सरसाचा ब्रश फिरवत होते. फिरवत राहिले. "भाऊ, तुमची बायको पळून गेली." तरी ब्रश आपला वर-खाली. मला गहिवरूनच आलं. डोळे पुसायला पदर हातात घेतला आणि तेवढ्यात दिसली, सदऱ्याच्या कॉलरमधून कानापर्यंत गेलेली पांढरी वायर.

मी एका कानातलं बोंडूक ओढून काढलं.

"अहो वहिनी! मध्येच काय तोडता?"

"मला वाटलं, कान गेले तुमचे."

"कान शाबूत आहेत. म्हणून तर झाकून ठेवतो," म्हणाले आणि बोंडूक परत आत खुपसलं.

तेव्हा बहिरेपणाची बातमी मी त्याच दिवशी मागे घेतली आणि तिच्या जागी दुसरी दिली: भाऊंना या वयात गाण्यांचा नाद लागलाय.

या माणसाला कसला नाद लागेल हे खरं तर कोणालाच पटलं नसतं. भाऊंची खोली बघितलीत तर कळेल. एका भिंतीला पुठ्ठ्यांची चवड, दुसऱ्या भिंतीला शिकंजा, म्हणजे पुस्तक दाबून ठेवायचा तो लोखंडी स्क्रूवाला अजस्र प्रकार. खिडकीशी लाकडी पाट, त्यावर शिवायचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोरा, मेणाचा तुकडा. कोपऱ्यात सरसाचं डबडं, त्याचा वास असा की आमच्याकडे आलेले पाहुणे फार वेळ बसत नाहीत. त्याबद्दल मी भाऊंची कायमची ऋणी आहे. बायको दवाखान्यात नर्स, ती दिवसभर बाहेर. एकुलती एक मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात गेलेली. दिवसभर भाऊ, पुस्तकं आणि शर्टाच्या खिशातला तो छोटासा प्लेअर. पुढ्यातून कोणी आलं-गेलं तरी पत्ता नाही.

गंमत अशी की खोलीत घड्याळ नव्हतं. सरसाचं काम वेळेचं असतं. पाठीला लावला की जरा ओढू द्यायचा, म्हणजे किंचित सुकू द्यायचा, मग कापडी पट्टी. घाई केली तर पट्टी सरकते, उशीर केला तर चिकटत नाही. मी एकदा म्हटलंही, "भिंतीवर एक घड्याळ टांगा की."

"घड्याळाकडे बघायला मान वळवावी लागते. कान वळवावे लागत नाहीत."

मी समजले, गाण्यांवर वेळ मोजतात. एक गाणं सरसाला, एक पट्टीला. हुशार आहे, म्हटलं.

मग एक दिवस तो प्लेअर आजारी पडला. चार्जिंगची वायर काढली की थोड्याच वेळात डोळे मिटायचा. मोबाइल दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला आणि बॅटरी फुगल्याचं सांगितलं. वर हेही की हे मॉडेल आता बनत नाही, बॅटरी मिळणार नाही, कधी बंद पडेल सांगता येत नाही, आत काही ठेवणीतलं असेल तर लवकर बाहेर काढून घ्या. भाऊ तिथून थेट आमच्या घरी आले. प्लेअर रुमालात गुंडाळलेला, जणू पिल्लूच.

आमच्या घरी यायचं कारण म्हणजे आमचे हे. आमच्या ह्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं ह्यांचं मत आहे. ह्यांनी हात चोळत वायर जोडली. कॉम्प्युटरने प्लेअरला ओळखच दाखवली नाही. लग्नात नवऱ्याकडची माणसं नवरीच्या मामाकडे बघतात तसं बघितलं. ह्यांनी वायर उलटी करून पाहिली, फुंकर मारली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग कळलं की प्लेअर एका कंपनीचा, आमचा कॉम्प्युटर दुसऱ्या जातकुळीचा. मध्यस्थाशिवाय दोघं बोलणार नाहीत. मग त्या कंपनीचा एक मध्यस्थ प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा ठरला. तो उतरेपर्यंत माझा चहा झाला, भांडी झाली. भाऊ खुर्चीच्या टोकावर बसून होते. पाठ टेकली तर काम बिघडेल की काय, असे.

शेवटी पडद्यावर एक चौकट उगवली. ह्यांनी ऐटीत वाचून अर्थ सांगितला, "हा म्हणतोय, तुमचा प्लेअर दुसऱ्या एका कॉम्प्युटरशी बांधलेला आहे. त्यातलं सगळं पुसून इथलं भरू का?"

"त्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं काय?" मी विचारलं.

"मुलीचा होता," भाऊ म्हणाले. "तो तिने केव्हाच मोडीत दिला."

"मग प्रश्नच मिटला," हे म्हणाले. "हो म्हणून टाकू. माझ्याकडे गाण्यांचा समुद्र आहे, हवी तेवढी भरून देतो."

"आणि आतलं बाहेर येणार नाही?"

"भाऊ, यात आत भरायला वाट असते, बाहेर काढायला नसते. कंपनीची युक्ती आहे ती."

"पण तो विचारतोय ना?"

"विचारायची पद्धत असते हो. हो म्हणायचं असतं!" ह्यांचा बाण 'हो'वर जाऊन टेकला.

आमच्या भाऊंना मी कधी धावताना बघितलं नाही. त्या दिवशी ते खुर्चीवरून असे उठले की खुर्ची मागे पडली, आणि त्यांनी वायर उपटून काढली. ह्यांचा हात माऊसवर तसाच.

"काय केलंत! असं काढायचं नसतं!"

"एखाद्याने पुस्तक बांधायला दिलं," भाऊ धापा टाकत म्हणाले, "आणि मी त्याला विचारलं, आतली पानं फेकून कोरी घालू का, तर तो हो म्हणेल?"

"अहो, पण गाणीच ना? गाणी काय, दुसरी मिळतात."

भाऊंनी प्लेअर रुमालात ठेवला, परत काढला, आणि एक बोंडूक ह्यांच्या कानात दिलं, एक माझ्या.

गाणं नव्हतं. एक मुलगी धडा वाचत होती. "अग्निजन्य खडकांना प्राथमिक खडक असेही म्हणतात. भूपृष्ठाखालील तप्त शिलारस... शिलारस थंड होऊन..." मग मोठी जांभई. मग लांबून कोणाला तरी, "आले गं आई, एवढा बेसाल्ट संपू दे!" मग परत शिलारस.

"कॉलेजला असताना परीक्षेसाठी बोलून ठेवलेलं," भाऊ म्हणाले. "ऐकून पाठ व्हायचं तिला. इथेच बसायची, खिडकीखाली, पुठ्ठ्यांवर. जाताना म्हणाली, बाबा, प्लेअर तुमच्याकडे ठेवा, गाणी भरून घ्या. मी म्हटलं, भरतो."

"आणि भरली नाहीत?" मी.

"आधी हे ऐकून संपवू म्हटलं. मग सवय झाली. अग्निजन्य संपले की सरस ओढायला लागतो, पट्टी मारायची. गाळाच्या खडकांत पुठ्ठा. रूपांतरित खडक सुरू झाले की पुस्तक शिकंज्यात. मध्ये एका ठिकाणी तिला झोप लागलीये. चांगली घोरते. तेवढ्यात मी पुढचे फर्मे शिवून घेतो."

बरं, ही मुलगी आता विमा कंपनीत आहे. तिचा खडकांशी संबंध संपला. भाऊंचा मात्र पक्का झाला. त्यांनी तिथूनच तिला फोन लावला. ती हसतहसत ओरडली, मला इकडे ऐकू आलं. "बाबा, ते अजून आहे? पुसा हो, किती रडकं वाचलंय! मी नवीन वाचून पाठवते, एकदम स्वच्छ."

"नवीन पाठव, तेही ऐकीन. पण त्यात तू घोरणार आहेस का?"

हे चष्मा पुसायला लागले. मला असलं वातावरण झेपत नाही, म्हणून मी थट्टेवर नेलं. "एवढंच असेल तर भाऊ, तो कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. प्लेअर फोनच्या तोंडाशी धरा आणि घ्या भरून, ताक एका भांड्यातून दुसऱ्यात ओततो तसं!"

ह्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. भाऊ मात्र, "फोनच्या तोंडाशी," असं पुटपुटत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत कपडे काढायला गेले तर भाऊंची खिडकी सताड उघडी. पाटावर सरस नाही, पुस्तक नाही. मधोमध स्टीलचा पेला, पेल्यात दोन्ही बोंडकं सोडलेली, पेल्याला टेकवून फोन उभा. आवाज घुमून मोठा व्हावा म्हणून पेला, हे मला नंतर कळलं. आणि भाऊ समोर मांडी घालून, श्वाससुद्धा हळू घेत बसलेले.

आता तुम्हीच सांगा, असं दृश्य बघून कोणाला गप्प बसवेल? खाली अंगणात पार्लरवाली टॉवेल वाळत घालत होती. मी कठड्यावरून वाकले आणि मन मोकळं केलं. मी थट्टा केली ती ह्या माणसाने खरी धरली, हे सांगितलं. पेल्यापुढे कसे ध्यान लावून बसलेत, ते सांगितलं. परीक्षा लेकीची होती, पास बाप होणार, हेही सांगितलं. मग ओघात ह्यांच्या कॉम्प्युटरची फजिती आली, ह्यांचं घोरणं आलं, तिच्या टॉवेलांचा रंग उडालाय ते आलं. आणि जाता जाता मी म्हटलं, "लेकीला फोन करायला सवड नसते गं, म्हणून बिचारा शिळ्या आवाजावर भागवतो."

भाऊंनी मान वर केली नाही. मला वाटलं, कान झाकलेले आहेत. बोंडकं पेल्यात होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढे काही दिवसांनी प्लेअरने डोळे मिटले ते कायमचे. भाऊंनी त्याला दोऱ्याच्या रिळांच्या खणात ठेवून दिलं. मी समाचाराला गेले तर भाऊ नेहमीसारखे कामात. फोन खिडकीत उघडाच वाजत होता. म्हणाले, वायरचा कंटाळा आला. शिलारस थंड झाला, जांभई झाली, बेसाल्ट झाला. भाऊंनी पट्टी मारली. "गाळाचे खडक थरांच्या स्वरूपात..." आणि थरांच्या मधून, चांगला खणखणीत, माझा आवाज आला.

मी पहिल्यांदा ओळखलाच नाही; इतकी कर्कश बाई कोण, म्हटलं. मग पेला आला, ध्यान आलं, टॉवेल आले. शिळ्या आवाजाचं वाक्य यायच्या आधीच मी खिडकीकडे धावले, पण फोन कसा बंद करतात ते मला कुठे माहीत! ते वाक्य आलं. सगळंच्या सगळं आलं. त्याच्यामागे ती पोर शांतपणे वाळूचे कण एकमेकांवर बसवत होती.

माझे कान तापले. "भाऊ, पुसा ते. तुमच्या पाया पडते."

"पुसू कसं? मूळ तर बंद पडलं."

"हे कापून देतील. तेवढंच माझं. ह्यांना येतं ते."

"तुमच्या ह्यांना?" भाऊंनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मग दुसरा कोणी करील. लाज वाटतेय हो मला. तुम्ही रोज ऐकणार हे?"

भाऊंनी पुठ्ठा पुस्तकावर ठेवला, हाताच्या तळव्याने कडेपर्यंत दाबत नेला, आणि म्हणाले, "असू द्या, वहिनी. गाळाच्या खडकांत पुठ्ठ्याला वेळ कमीच पडायचा. आता तुमचं बोलणं संपेपर्यंत खडखडीत वाळतो."