थेंब मोजणारी सिस्टर

मुलुंडच्या त्या नर्सिंग होममध्ये ती सिस्टर मला एकच दिवस भेटली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, कारण माझं तोंड ओरडण्यात गुंतलं होतं.

सासूबाईंनी बाळासाठी दुपारी सव्वाबाराचा मुहूर्त काढून आणला होता. डॉक्टरांनीही तो मनावर घेतला आणि सकाळीच मला कळा आणायचं ऑक्सिटोसिनचं सलाईन लागलं. डॉक्टर मग दुसऱ्या दवाखान्यात बसून फोनवरून माझ्या कळा सोसत होते. "थेंब वाढवा," म्हणायचे.

सिस्टरचा एक हात माझ्या पोटावर आणि डोळे मनगटावरच्या घड्याळावर; सलाईनचे थेंब आणि माझ्या कळा मोजत. अकराच्या सुमाराला एक कळ ओसरायच्या आत दुसरी यायला लागली, बाळाला मधे उसंतच मिळेना, तेव्हा तिने सलाईन सरळ बंद केलं, बाळाचे ठोके ऐकले आणि डॉक्टरांना फोन करून तसं सांगितलं.

सासूबाई चिडल्या. "अहो सिस्टर, मुहूर्त जाईल ना."

तिने मानही वर केली नाही. "मुहूर्त पोराक कोणी सांगल्यान काय?"

मुलगी दोन वाजून दहा मिनिटांनी आली, धडधाकट. सिस्टरने वहीत तीच वेळ लिहिली. सासूबाईंनी पत्रिका मात्र सव्वाबाराचीच करून घेतली. त्या पत्रिकेप्रमाणे आमची मुलगी अतिशय वक्तशीर आहे.

आता ती दहा वर्षांची आहे. रोज सकाळी शाळेची बस खाली हॉर्न वाजवत असते आणि ही दात घासत असते. मी ओरडायला तोंड उघडते, तेवढ्यात घड्याळात बघूनही घाई न करणारी ती सिस्टर आठवते, आणि मी दप्तर उचलून बसवाल्याला थांबवायला खाली जाते.