सोमाजीनं विणलेला पंख

आंधळगावच्या सोमाजीनं चाळीस वर्षं कोशाचं रेशमी कापड विणलं. त्याच्या जिल्ह्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. श्रावणातल्या एका सकाळी तो मागाशी आला, तर ताण्याच्या उभ्या धाग्यांवर तळहाताएवढा पतंग बसलेला. तपकिरी पंखांवर दुधाळ पट्टे. सोमाजी धोटा हातात घेऊन उभाच राहिला.

नागपूरला प्राणिशास्त्र शिकणारी त्याची नात तेजस्विनी सुटीवर आली होती. ती वाकून बघत म्हणाली, "आबा, हा वाघपतंग होय! पण नेमकी जात मागच्या पंखांवरून ठरते, अन् ते यानं झाकून ठेवले. बाटलीत घेऊ? सरांले नमुना लागते."

"पाहुण्याले बाटलीत कायले टाकतं? फोटो काढ."

ती मोबाइल आणायला गेली. सोमाजीनं हलकीच फुंकर घातली. पतंगानं पंख फाकले, आत केशरी उजेड आणि काळे ठिपके झळकले, आणि तो झरोक्यातून उन्हात विरून गेला.

तेजस्विनी परतली तेव्हा ताणा रिकामा होता. जेवताना तिनं रागानं आपलं ताट आजोबांपासून दूर मांडलं.

सोमाजीनं केशरी आणि काळं सूत काढलं. तीन दिवस तो मागावरून जणू उठलाच नाही. डोळे मिटले की तो पंख उघडे, ठिपके जागच्या जागी उभे राहत, आणि हात आपोआप चालत. कापडावर पंख उतरला. कडेला तीन ठिपके, त्यांतले दोन एकमेकांत मिसळलेले.

तेजस्विनीनं तो तुकडा पुस्तकातल्या चित्रांशेजारी धरला. दोन जाती अगदी सारख्या दिसत होत्या, पण ठिपके एकीतच मिसळलेले होते. तिनं सरांना कळवलं. सर म्हणाले, "कापड पुरावा होत नाही."

पुढच्या श्रावणात तिला मोहाडीच्या रस्त्यावर, दिव्याच्या खांबाखाली, मेलेला एक पतंग सापडला. ठिपके मिसळलेलेच होते. या वेळी सरांनी ती जात मान्य केली. तेजस्विनी धावत घरी आली.

"आबा, तुमचं खरं निघालं!"

"मंग कोणत्या कुळात घातलं त्याले?"

"आधी वाघपतंगांचं कुळ वेगळंच होतं. आता मोठ्या कुळात घेऊन त्याले पोटकुळ केलं."

"म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या उलटं झालं!" सोमाजी खळखळून हसला. नातीला त्यानं शेजारी बसवलं आणि म्हणाला, "आता सांग, सुरवंट असताना तो काय खाते?"