गुलाब कंडक्टरचं वाक्य

गुलाब खोब्रागड्यानं आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तीही एसटीत कंडक्टरकी करता करता. दुपारी धानोऱ्याला गाडी थांबली की ड्रायव्हर बाकावर आडवा व्हायचा आणि हा चहाच्या टपरीमागं बसून लिहायचा. गडचिरोली आगारातले लोक हसायचे, हसू देत. गुलाबनं ती पुरी केली आणि चंद्रपूरच्या एका छापखान्यातून छापूनही आणली.

कादंबरी कोणी वाचली म्हणाल, तर देव जाणे. आज तिची प्रत मागितली तर खुद्द गुलाबच्या घरी सापडायची मारामार. पण तिच्यातली वाक्यं मात्र झाडीपट्टीच्या सगळ्या जंगलमुलखात फिरली. ‘बस चुकली त दुसरी येते, वेळ चुकली त माणूस स्टँडवरच म्हातारा होते’ हे वाक्य लग्न जुळवणारे पोरीच्या बापाला असं ऐकवतात, की जणू त्यांच्याच डोक्यातून निघालं.

सगळ्यात जास्त चाललं ते वाघाचं वाक्य. गुलाबच्या गावातल्या श्रीहरीला वाघानं नेलं, तेव्हा शोकसभेत शाळेच्या गुरुजींनी ते वाचून दाखवलं होतं: ‘जंगलानं नेलेला माणूस मरत नाई, तो झाडाआड उभा राहून आपल्या घराकडं पाहून राह्यते.’ श्रीहरीची म्हातारी माय ते ऐकून शांत झाली म्हणतात. तेव्हापासून आरमोरीकडं काय, सिंदेवाहीकडं काय, वाघानं माणूस नेला की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागायचा आणि फोटोखाली हे वाक्य असायचं. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नसायचं. गुलाब अशा फ्लेक्ससमोर मान खाली घालून उभा राहायचा आणि मनातून सुखावायचा. राग येतो त्याचा, पण लिहिणारी माणसं अशीच असतात. ते वाक्य त्यानं लिहिलं तेव्हा त्याच्या घरातलं कोणी गेलेलं नव्हतं, आणि वाघ त्यानं एसटीच्या काचेतून तेवढा पाहिला होता.

त्याची बायको रुखमा. तिनं ते पुस्तक कधी उघडलं नाही. “तुमच्या पुस्तकातलं जंगल लय गोड हाये,” ती म्हणायची, “एखाद्या दिवशी माह्यासंग मोहा येचाले या, मंग समजन.” गुलाब हसून सोडून द्यायचा.

त्या गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. झाड सरकारच्या जंगलात, पण फुलं कोणाची ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली ठेवत नाही. रुखमाचं झाड सगळ्यांत आत, नाल्याच्या पलीकडं होतं. वाघाचा वावर वाढला तेव्हा सरपंच रामाजीनं दवंडी दिली, की यंदा बायांनी एकत्र राहा, काठावरच्या झाडांचा मोहा मिळून वेचा आणि वाटून घ्या. बाया हो म्हणाल्या आणि सकाळी ज्या त्या आपापल्या झाडाखाली गेल्या. लोकाच्या झाडाचं कसं उचलायचं? रुखमाही गेली. वाकून वेचत असताना वाघानं तिला मागून धरलं.

वनरक्षकांबरोबर शोधायला गेलेल्यांत गुलाब सगळ्यांच्या पुढं होता. म्हणून त्याला ती आधी दिसली. पातळाच्या काठावरून ओळखावी लागली, एवढंच सांगतो. त्यानं अंगातला सदरा काढून तिच्यावर टाकला आणि मागून येणाऱ्या रामाजीला म्हणाला, “रिनाले दाखवू नका. काई झालं तरी माह्या पोरीले दाखवू नका.”

रिना त्याची एकुलती एक लेक, गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स. पोस्टमार्टेम तिथंच झालं. रामाजीनं तिला व्हरांड्यात बसवून ठेवलं आणि स्वतः तिच्याजवळ बसला. शेवटी बांधलेलं गाठोडंच तेवढं घरी आलं.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. रुखमाचा हसरा फोटो आणि खाली ते वाक्य. गुलाबनं ते पाहिलं. तो तडक रामाजीकडं गेला.

“ते वाक्य काढा, रामाजी.”

“काऊन? तुमचंच त हाये, गुलाबभाऊ.”

“खोटं हाये ते.”

“गावातल्या साऱ्यायच्या माणसाले चाललं,” रामाजी म्हणाला, “मंग तुमच्या बायकोले काऊन नाई चालत?”

गुलाब घरी आला. श्रीहरीची माय, आणखी कोणाकोणाच्या बाया, सगळ्यांच्या दुःखावर आपण न पाहिलेलं जंगल पांघरलं, हे त्याला आता कळलं आणि त्याची त्यालाच किळस आली.

रुखमाला श्रद्धांजली वाहायच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मंडप पडला. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. पांढऱ्या साडीतली रिना बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, ते वाक्य आज तुमी सोता म्हना. मले तुमच्या तोंडून आयकाचं हाये.”

गुलाबला नाही म्हणायचं होतं. पण पोरीनं आईला पाहिलेलं नाही, तिच्या मनात आई अजून झाडाआड धड उभी आहे, तेवढी तरी तिला राहू दे, असं त्याला वाटलं. त्यानं माईक घेतला आणि एक एक शब्द ओढून काढत ते वाक्य म्हटलं. सगळा मंडप रडला. रिनानं डोळे मिटून हात जोडले.

माणसं गेल्यावर तिनं बापाला वरण-भात वाढला. गुलाबनं विचारलं, “बरं वाटलं ना, बाई, तुले?”

रिनानं वाढता वाढता हात थांबवला. “बाबा, मी पाह्यलं आईले.”

“कवा?”

“रामाजीकाका पानी प्याले गेले तवा आत गेली. मीच गुंडाळलं तिले. दुसऱ्या कोनाचे हात लागू नये वाटलं.”

गुलाबनं हातातला घास ताटात ठेवला. “मंग मले ते म्हनाले काऊन लावलं?”

“तुमी जेवत नव्हते, बोलत नव्हते,” रिना म्हणाली. “मले वाटलं, माह्या नाई, पन तुमचा त त्या वाक्यावर भरोसा असन. तुमी लिवलं हाये. तेवढ्यानं तरी तुमी जगान.”

“नाई, पोरी,” गुलाब म्हणाला. “लिवलं तवाबी नव्हता.”

आई गेल्यापासून रिना डोळ्यांत पाणी न आणता वावरत होती. आता ती भाताचं पातेलं तसंच हातात धरून, मोठ्यानं रडायला लागली.