चुड्याची किणकिण

आज रक्त तपासायला गेले होते. शेजारी बसलेल्या गरोदर मुलीच्या हिरव्या बांगड्या सारख्या किणकिणत होत्या. तिचा हात मांडीवरच होता, पण थरथरत होता. तो आवाज मी लगेच ओळखला.

माझी लेक अनघा लहानपणी इंजेक्शन दिसलं की पलंगाखाली शिरायची. तिच्या डोहाळजेवणाला मी हौसेनं तिला हिरवा चुडा भरला आणि पुढचे दोन महिने प्रत्येक तपासणीला तो असाच वाजत राहिला. ती मात्र नर्सला आधीच सांगून टाकायची, "मला सुईची फार भीती वाटते. मी भिंतीकडे बघते, तुम्ही टोचा." आणि हात स्वतःच पुढे करायची. भीती नसताना कुणीही हात पुढे करेल, त्यात काय मोठं? भीती मनगटात किणकिणत असताना पुढे केला तिनं. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

मग सिझेरियन ठरलं. पाठीत इंजेक्शन द्यायचं होतं. साबण लावून उतरवलेल्या बांगड्या तिनं माझ्या ओंजळीत ठेवल्या. "सांभाळ गं आई," म्हणाली आणि आपल्या पायांनी चालत आत गेली.

दार बंद झालं. तिचे हात आता रिकामे होते, तरी चुड्याचा आवाज येतच होता. खाली पाहिलं, तर माझी ओंजळ थरथरत होती.