शेवटच्या टेकूखालचा चहा

विसरवाडीच्या चौफुलीपासून खांडबाऱ्याच्या स्टेशनापर्यंत कुठेही विचारा, स्लॅब कुणाकडून भरून घ्यावा? दहातले सात जण रूपलीबाईचं नाव सांगतील. उरलेले तीन सांगतील की बाई भारी भांडखोर आहे. दोन्ही खरं आहे.

वय पन्नाशीच्या मागेपुढे. आधार कार्डावर एक जानेवारी ही जन्मतारीख आहे, पण त्यावर तिचा स्वतःचाही विश्वास नाही. सोळाव्या वर्षी हायवेच्या पुलावर घमेली वाहायला लागली तेव्हा जालमसिंग नावाच्या मिस्त्रीने तिला माल ओळखायला शिकवलं. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकत्र कालवलं की त्याला माल म्हणतात. मूठभर घ्यायचा, दाबायचा, मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर ठीक. बोटांमधून पाणी गळलं तर माल पातळ, भुगा झाला तर कोरडा. एवढीच तिची शाळा. पुढे नवरा गेला, तिने स्वतःची टोळी बांधली, बावीस माणसांची, आणि आज पंचवीस वर्षं तिचा संसार त्या मुठीवर चालला आहे.

आता चहाची गोष्ट. टोळी घेऊन तिने पहिला स्लॅब भरला तेव्हा मालक सगळ्यांदेखत म्हणाला होता, बाईने भरलेल्या स्लॅबखाली झोपणार कोण? रूपलीबाईने त्या दिवशी स्लॅब पुरा केला. सेंटरिंग, म्हणजे ओल्या स्लॅबखालचा लोखंडी प्लेटा आणि टेकूंचा आधार, खोलायच्या दिवशी मात्र न बोलावता आली आणि शेवटचा टेकू निघायच्या आधी बरोबर त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. म्हणाली, चहा आणा. टेकू निघाला, प्लेट खाली आली, डोक्यावर धूळ पडली आणि बाई चहा संपवूनच उठली. तेव्हापासून तो रिवाजच झाला. लोक स्लॅबच्या दिवशी नारळ फोडतात, टोळीला गोडाचं जेवण घालतात, तसा रूपलीबाईच्या स्लॅबला शेवटच्या टेकूखालचा चहा असतो. कागदावर लिहून द्यायची तिच्याकडे पद्धत नाही. तो चहा हीच तिची सही.

तर यंदा होळी आठवड्यावर आली असताना विसरवाडीच्या पुखराज शेठचा स्लॅब निघाला. शेठचं किराणा दुकान रस्त्याला लागूनच. दुकानावर मुलासाठी आणि सुनेसाठी दोन खोल्या काढायच्या, त्या खोल्यांच्या छतावर मागच्या कोपऱ्यात पाण्याची मोठी टाकी बसवायची, असा बेत होता. सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. रूपलीबाई नेहमीप्रमाणे मिक्सरपाशी उभी, एका हातात पाण्याचा डबा. पाणी दुसऱ्या कुणाला घालू द्यायचं नाही, हा तिचा पहिला कायदा. दुसरा कायदा असा की स्लॅबचा शेवटचा पाव भाग येईल तेव्हा तिने जागा सोडायची नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही.

त्यालाही कारण आहे. सकाळी टोळी ताजी असते. दुपारनंतर खांदे भरून येतात, ऊन डोक्यावर येतं, चुलीवरच्या लापशीचा वास सुटतो, आणि स्लॅब संपला की घरी जायचं असतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, माल घट्ट झालाय, पसरत नाही, थोडं पाणी सोड. पातळ माल आपोआप पळतो, रेटावा लागत नाही. माणसं लबाड असतात म्हणून नाही हो, दमलेली असतात म्हणून हे होतं. रूपलीबाईला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तरुणपणी तिनेही तसं पाणी सोडलं होतं आणि जालमसिंगच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

नेमका दुपारी अडीचला फोन आला. तिची लेक संध्या, पहिलटकरीण, दिवस भरायला अजून पंधरवडा होता, तिला कळा सुरू झाल्या म्हणून चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मागचा कोपरा तेवढा भरायचा राहिला होता. रूपलीबाईने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि पाण्याचा डबा दिवाल्याच्या हातात दिला. दिवाल्या तिच्या दिराचा मुलगा, पस्तिशीचा, तिच्या हाताखाली बारा वर्षं काढलेला. मूठ बघत जा, एवढंच सांगून ती निघाली. लेकीपुढे स्लॅब कसला? कोणतीही आई गेली असती.

नात झाली. दोघी सुखरूप होत्या. संध्याकाळी रूपलीबाई परत आली तेव्हा स्लॅब भरून झाला होता, टोळी जेवून हात धुत होती, आणि दिवाल्याने सगळं नीट झाल्याचं सांगितलं. बाईला इतका आनंद झाला होता की तिने पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी साठवायला स्लॅबवर मातीची आळी बांधायला ती चढली आणि मागच्या कोपऱ्यावर पाय ठेवताच थांबली. बाकी स्लॅब करडा होता, तो कोपरा पांढुरका, वर सायीसारखा पातळ थर, त्यात केसाएवढ्या बारीक भेगा. थापीच्या टोकाने खरवडलं तर पीठ निघालं. तिने दिवाल्याला खालून वर बोलावलं. तो आला, कोपऱ्याकडे पाहिलं आणि न विचारताच कबूल झाला. ऊन फार होतं, माल वर नेणारी लिफ्ट दोनदा अडकली, माल वाळायला लागला, म्हणून मिक्सरच्या दर घाण्याला डबाभर जास्त पाणी घातलं.

तिला इतका संताप आला की थापी त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली. पण तिने फेकली नाही. आळी बांधली आणि त्यात पाणी भरलं.

पुढचे एकवीस दिवस ती स्वतः पाणी मारत राहिली. इतर ठिकाणी ती हे काम मालकावर सोपवते, इथे मात्र होळीच्या दिवशीसुद्धा खांडबाऱ्याहून पहिल्या गाडीने आली. पुखराज शेठ गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, बघा, बाई किती जीव लावते. ते ऐकून तिला तोंड लपवावंसं वाटायचं. आतल्या जास्तीच्या पाण्याने जे खाल्लं ते वरून ओतलेल्या पाण्याने भरून निघत नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? तरी रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, कदाचित धरेल. सांगितलं तर पंचवीस वर्षांचं नाव जाईल, बावीस घरांच्या चुली त्या नावावर पेटतात, आणि दिवाल्याला पुन्हा कोणी कामाला उभं करणार नाही. माणूस अशा वेळी स्वतःशी काय काय बोलतो ते ज्याचं त्याला माहीत.

बाविसाव्या दिवशी सेंटरिंगवाला भीमसिंग आला. पुढचा भाग खोलला. खालून स्लॅब असा गुळगुळीत निघाला की शेठने वर बघून दोनदा मान डोलावली. मग पाळी मागच्या कोपऱ्याची आली. दोन दुकानदार मुद्दाम बघायला आले होते. रूपलीबाई शेवटच्या टेकूशेजारी बसली. शेठची सून जिनल कपबशीत चहा घेऊन आली, आल्याचा, दाट. भीमसिंगने हातोडा उचलला.

बसायला काही हरकत नव्हती. स्लॅब त्या दिवशी पडणार नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. चहाच काय, ती तिथे बसून जेवली असती तरी काही झालं नसतं. पण वर टाकी बसणार होती, पाण्याने भरलेली. पाच पावसाळे, दहा पावसाळे, पाणी भेगांतून आत जाणार, लोखंड गंजणार. तेव्हा खाली कोण असेल? कपबशी घेऊन समोर उभी असलेली ही पोर. किंवा तिचं पोर.

तिने जिनलच्या हातून कपबशी घेतली, जमिनीवर ठेवली आणि भीमसिंगला हातोडा खाली घ्यायला सांगितलं.

"शेठ, हाऊ चहा मी आज पिवाव नही," ती म्हणाली. मग कोपरा भरताना आपण नव्हतो, माल पातळ गेला आणि हे आपल्याला दुसऱ्याच दिवशी कळलं, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. दिवाल्याचं नाव घेतलं नाही. पाण्याचा डबा मी सोडला, म्हणाली.

पुखराज शेठने वर कोपऱ्याकडे पाहिलं. तो ओरडणारा माणूस नाही, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त लागतं.

"तू एकवीस दिन पानी मारं, आनि आज सांगी ऱ्हायनी?"

"घाबरी गऊ मी, शेठ."

दुकानदार एकमेकांकडे बघून निघून गेले. दुपारपर्यंत ही बातमी चौफुलीवर पोचली, हे सांगायला नको.

नवापूरहून इंजिनियर आला. त्याने स्लॅबवर यंत्राची हातोडी टेकवून टेकवून मजबुतीचे आकडे घेतले. पुढचा भाग एकदम पक्का. मागचा कोपरा, बीमपासून बीमपर्यंत, तोडून पुन्हा भरायला सांगितला. या कामाच्या मजुरीचं नाव काढायचं नाही असं रूपलीबाईने टोळीला आधीच बजावलं आणि शेठनेही ते काढलं नाही.

भरण्यापेक्षा तोडणं कठीण. लोखंड तसंच ठेवून त्याच्यामधला माल छिन्नीने फोडून काढायचा, खाली टेकू उभे. रूपलीबाईने छिन्नी-हातोडा दिवाल्याकडे दिला आणि दुसरा माणूस दिला नाही. चार दिवस तो एकटा फोडत होता. चौथ्या दिवशी त्याच्या तळहाताला चिंधी बांधलेली होती. कोपरा भरायच्या दिवशी टोळीला वाटलं, आता बाई डबा हातात घेईल. तिने तो पुन्हा दिवाल्यालाच दिला, स्वतः शेठच्या ओट्यावर मिक्सरकडे पाठ करून बसली आणि शेवटचं घमेलं वर जाईपर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही. तिला ते किती जड गेलं असेल! एका जागी बसून तिने ओट्यावरच्या अर्ध्या पोत्यातल्या मिरच्यांचे देठ मोडून काढले, कुणी सांगितलं नसताना.

दिवाल्या मात्र प्रत्येक घाण्याची मूठ बघत होता. एकदा कुणीतरी माल घट्ट असल्याची कुरकुर केली, तर त्याने फावडं स्वतः हातात घेऊन माल रेटला. पुढचे एकवीस दिवस पाणीही त्यानेच मारलं.

पुन्हा भीमसिंग आला. या वेळी बघायला दुकानदार नव्हते. शेठ होता, जिनल होती, आणि रूपलीबाई आली ती नातीला फडक्यात गुंडाळून घेऊन. जेमतेम दोन महिन्यांची पोर, तोंडात मूठ घालून झोपलेली. जिनलने चहा आणला. रूपलीबाईने कपबशी घेतली, दिवाल्याच्या हातात दिली, आणि आजचा चहा तुझा असं म्हणाली. तो टेकूशेजारी बसला. मग ती त्याच्या अगदी बाजूला, बरोबर कोपऱ्याखाली, नातीला मांडीवर घेऊन बसली.

दिवाल्याने कप ओठांपर्यंत नेला आणि थांबला. वर पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंगच उतरला त्याच्या. माल चांगला होता, त्यानेच केला होता, इंजिनियरनेही पुन्हा हातोडी लावून पाहिली होती. तरी त्याने कप खाली ठेवला.

"काकी, पोरीले बाहेर लई जाय. पहिले मी एकटा बठस."

रूपलीबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. बारा वर्षांत तिने त्याला जे शिकवलं नव्हतं ते त्याला आज कळलं होतं, आणि तिचे डोळे भरून आले. ती उठली, नातीला घेऊन बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. भीमसिंगने टेकूवर हातोडा घातला, टेकू निघाला, प्लेट खाली आली, दिवाल्याच्या केसांवर धूळ पडली. तो हलला नाही. चहा एव्हाना निवला असणार, तरी त्याने तो घोट घोट घेत सगळा संपवला, आणि मग हाक मारली, की आता आण तिला आत.